टचस्क्रीनवरचा हार

तारखा आधी नोंदवतो. भावनांचे नंतर पाहू.

सन २००६, गणेशोत्सव संपल्यानंतरचा पहिला शनिवार: यंत्र मंडळाच्या खोलीत आले. जबाबदार: आमच्या मंडळातले नागपूरचे निवृत्त इंजिनियर, ज्यांनी ते कोणाला न विचारता आणले, आणि मंडळाच्या अध्यक्षा, ज्यांनी ते कोणाला न विचारता स्वीकारले. त्यानंतरचे लागोपाठ दोन शनिवार: यंत्राचा ड्रायव्हर बसवण्यात आला. जबाबदार: इंजिनियर आणि मी, समसमान, जरी मंडळाच्या दप्तरात माझा उल्लेख नाही. दसऱ्याच्या आठवड्यातला शनिवार: उद्घाटन आणि फजिती. जबाबदार: ड्रायव्हर तयार करणारी कंपनी, जिने सर्वांत महत्त्वाची सूचना माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, हमीपत्राच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत छापली; आणि आणखी एक इसम, ज्याच्याविषयी योग्य जागी लिहीन. त्याच वर्षीचा नोव्हेंबर, सर्वसाधारण सभा: माझ्यासंबंधीचा एक ठराव एकमताने मंजूर. जबाबदार: पुन्हा इंजिनियर.

सातारच्या जिल्हा न्यायालयात मी चौतीस वर्षे दिवाणी दावे चालवले. २००३ साली मुलाने कागद करून आम्हा उभयतांना मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरी या गावी आणले. घर मोठे, सून प्रेमळ, औषधे वेळच्या वेळी. तक्रारीला जागाच नव्हती. आणि ज्याने आयुष्यभर लोकांच्या तक्रारी मांडून पोट भरले त्याला तक्रारीला जागा नसणे म्हणजे काय, हे त्याचे त्यालाच कळेल. मला मोटार चालवता येत नाही, आणि इथे दूध आणायलाही मोटार लागते. साताऱ्यात मी रस्त्याने निघालो की दोन्ही बाजूंनी नमस्कार येत. इथे रस्त्याने चालणारा मी एकटाच. एकदा एका भल्या बाईने गाडी थांबवून, मी हरवलो आहे का, अशी चौकशी केली. मी नाही म्हणालो. ते कितपत खरे होते याचा मी पुढे बराच विचार केला.

त्याच हिवाळ्यात इथल्या मराठी लोकांच्या मंडळाचे ग्रंथालय माझ्या हाती आले. एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागे मंडळाने खोली भाड्याने घेतली होती. तिच्यात दोन पोलादी कपाटे, एक टेबल आणि एक हातांची खुर्ची. पुस्तके भारतातून येणाऱ्या प्रत्येकाच्या सामानातून थोडी थोडी आलेली, आणि ती कोणी कोणाला दिली याचा कोठेही पत्ता नाही. मी खुर्चीवर बसलो. मला कोणी बसवले नाही, कोणी उठवलेही नाही. दर शनिवारी दहा ते एक, तीन वर्षे, उघडपणे, अखंड आणि विनातक्रार मी तिथे बसत आलो. कायद्याच्या भाषेत याला वहिवाट म्हणतात. त्या खुर्चीवरचा माझा हक्क कोणाच्या मेहेरबानीतून निर्माण झालेला नव्हता, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

प्रत्येक पुस्तकाचे मी एक कार्ड केले. वर नाव, लेखक, कपाट, खण. खाली, लाल शाईने, माझा शेरा. ‘नुकत्याच आलेल्या सुनेला देऊ नये, घरची आठवण येईल.’ ‘रात्रपाळीच्या माणसास उत्तम, प्रकरणे लहान आहेत.’ ‘शेवट दुःखद, फेब्रुवारीत कोणालाही देऊ नये.’ इथला फेब्रुवारी ज्याने काढला आहे त्याला हा शेरा अतिशयोक्त वाटणार नाही. शेजारच्या वूस्टर शहरातल्या इस्पितळात काम करणारी एक परिचारिका दर पंधरा दिवसांनी येई आणि काही न बोलता हात पुढे करी. मी पुस्तक ठेवी. ती नाव न बघता घेऊन जाई. साताऱ्यात मला अशिलांनी पुष्कळ मान दिला, पण न वाचता वकीलपत्रावर सही करावी तसा तो पुढे केलेला हात मला कोणत्याही निकालपत्राहून मोठा वाटे.

आता इंजिनियर. ते माझ्याहून दोन वर्षांनी लहान. वीज मंडळातून निवृत्त होऊन मुलीकडे आले आणि वयाच्या सहासष्टाव्या वर्षी मोटार शिकले. पहिल्या परीक्षेत नापास झाले, हे ते स्वतःच सर्वांना हसून सांगत. मुलांशी ते धडाधड चुकीचे इंग्रजी बोलत आणि मुले त्यांना चिकटत. माझे इंग्रजी व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. माझ्याजवळ मुले उभी राहत नसत. मुलाला शनिवारी काम असले की इंजिनियरच आम्हा दोघांना घरी सोडत. मी पुढे बसे, पत्नी मागे, आणि संभाषण माझ्या डोक्यावरून पुढे-मागे जाई.

“वहिनी, पाटोडीचा रस्सा तुम्ही करून पाहाच. वकीलसाहेबांना जमनार नाही, पण तुम्ही पाहा.”

“त्यांना तिखट सोसत नाही हो,” पत्नी म्हणे. “तिखट फक्त बोलायला लागतं.”

दोघे हसत. माझ्या विनोदाला ती गेल्या कित्येक वर्षांत अशी हसली नव्हती. मी विनोद केला नव्हता, हेही तितकेच खरे. मत्सर हा शब्द मी टाळणार नाही. शपथेवर कोणी विचारले असते तर मी तेव्हाही नाकारला नसता. त्या माणसाचा हलकेपणा, चूक झाली की मान उडवून हसण्याची त्याची सवय, स्टिअरिंगवर ठेवलेला त्याचा एकच हात, या प्रत्येक गोष्टीचा मला मत्सर वाटे. एक खुर्ची तेवढी माझी होती, आणि तिच्याकडे त्यांचे लक्ष नव्हते.

ते लक्ष गेले यंत्र आले त्या शनिवारी.

त्यांच्या जावयाच्या ओळखीतले एक उपाहारगृह बंद पडले होते. तिथे मागण्या घ्यायला वापरत तो टचस्क्रीन हे घेऊन आले. रुंद काळ्या चौकटीचा जाडजूड मॉनिटर, दोन वायरी, एक सीडी आणि एक पुस्तिका. अध्यक्षा पुण्याच्या, चाळिशीतल्या, एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्यांनी कार्यालयातून बाद झालेला एक संगणक आणला होता.

“काका, बघा ना, किती मस्त होईल!” त्या मला म्हणाल्या. “मुलांना मराठी वाचता येत नाही. स्क्रीनवर कव्हरचं चित्र दिसेल, टच केलं की कुठल्या कपाटात आहे ते येईल. तुमची कार्डं आहेतच. डेटा रेडी आहे.”

“आणि मी?” असे मी विचारले नाही. मी विचारले, “हा निर्णय कोणत्या सभेत झाला?”

“अहो काका, निर्णय कसला यार, फुकट मिळालाय!”

त्यांनी माझी कार्डे घरी नेली आणि आठवड्यात सगळी संगणकात भरली. नाव, लेखक, कपाट, खण. लाल शाईचे शेरे भरले नाहीत. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, त्यासाठी वेगळा रकाना करावा लागेल, तो नंतर ॲड करू. तो आजतागायत झालेला नाही.

पुढच्या शनिवारी ड्रायव्हर बसवायला इंजिनियर एकटेच आले. ड्रायव्हर म्हणजे काय हे मला त्यांनी एका वाक्यात समजावले, आणि ते वाक्य चांगले होते, हे मान्य करतो. “कोर्टात दुभाषी असते ना वकीलसाहेब, तसं. बोट काय म्हणून राहिलं ते कम्प्युटरला सांगते.” त्यांनी सीडी घातली. पडद्यावर कराराचा लांबलचक मजकूर आला आणि त्याखाली ‘मला मान्य आहे’ या अर्थाचे बटण. मजकुराकडे न बघता त्यांनी माऊस तिकडे नेला.

“थांबा,” मी म्हणालो. “कोणाच्या वतीने मान्य करता आहात?”

“माझ्याच.”

“यंत्र मंडळाचे. तुम्हाला अधिकारपत्र कोणी दिले?”

“अहो, साऱ्या जगात कोणी वाचत नाही ते!”

“साऱ्या जगाचे वकीलपत्र मी घेतलेले नाही.”

त्यांनी माऊस सोडला, खुर्ची मागे सरकवली, थर्मासमधला चहा दोन पेल्यांत ओतला आणि म्हणाले, “बरं. तुम्ही वाचा, मी दाबतो.”

मी ते सगळे कलमवार वाचले. पेन्सिलीने सारांश काढला. सॉफ्टवेअर एकाच संगणकावर वापरावे, ते उकलून आतली रचना पाहू नये, नुकसान झाल्यास कंपनी जबाबदार नाही. तासाभराने मी म्हणालो, “दाबा.” त्यांनी दाबले. मग मी पुस्तिका उघडली आणि पहिल्यापासून वाचू लागलो, कारण व्याख्या न वाचता कलमे वाचायची नसतात. वाचले हे बरे झाले. त्यांनी पडद्याची एकच वायर जोडली होती, चित्राची. बोटाची वायर वेगळी असते, नऊ छिद्रांच्या डोक्याची, आणि ती तशीच खाली लोंबत होती. संगणकाच्या पाठीला तशा दोन खोबणी, दोन्हींवर आकडा नाही. ड्रायव्हर विचारत होता, कोणती? इंजिनियरांनी वायर एकीत खोचली आणि उत्तरात ‘पहिली’ ठोकून दिली. पडदा मख्ख. मी पुस्तिकेतून वाचून दाखवले की ज्या खोबणीत वायर प्रत्यक्षात आहे तीच निवडावी, आणि खात्री नसल्यास वायर बदलून पाहावी. ते टेबलाखाली शिरले. वायर दुसऱ्या खोबणीत गेली आणि बोट टेकवताच यंत्र ‘टिक’ असे बोलले.

“बोललं, बाप्पा!” ते टेबलाखालूनच ओरडले.

त्यापुढच्या शनिवारी पडद्याला बोटाची जागा शिकवायची होती. पडद्याच्या कोपऱ्यांत एकामागून एक फुल्या उमटत, प्रत्येकीवर नेमके बोट ठेवायचे. इंजिनियरांचे बोट जाड आणि स्वभाव घाईचा. पडद्यावरचा बाण एकीकडे, बोट दुसरीकडे, असे दोनदा झाले. मी वाचले: ज्याला वापरायचे आहे त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून फुल्या दाबाव्यात.

“वापरणारी तर पोरं,” ते म्हणाले.

मग आम्ही दोघे गुडघ्यांवर बसलो. एकूण एकशे छत्तीस वर्षांचे दोन इसम, श्रूजबरीतल्या एका मागच्या खोलीत, आठ वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून पडद्याकडे बघत. मी ‘वरची डावी’ म्हणे, ते दाबत. ‘वरची उजवी.’ ते दाबत. शेवटच्या फुलीनंतर बाण त्यांच्या बोटामागून पाळीव मांजरासारखा चालू लागला. दाबल्यावरचा आवाज बंद करावा असे माझे मत होते. ते म्हणाले, “राहू द्या, पोरांना कळते लागलं म्हणून.” राहू दिला. उठताना त्यांनी मला हात दिला आणि मी घेतला. अमेरिकेत आल्यापासून मी जी काही कामे केली त्यांत हे दोन शनिवार मला सर्वांत आवडले होते. पत्नीने घरी विचारले, “मजा आली वाटतं?” मी म्हणालो, “कर्तव्य होते.”

सोमवारी अध्यक्षांचे ई-पत्र सर्व सभासदांना गेले. ‘आपल्या इंजिनियर काकांनी एकहाती टचस्क्रीन सेटअप केला आहे! दसऱ्याच्या वीकेंडला उद्घाटन!’ एकहाती. मी तो शब्द मुलाकडून छापून घेतला आणि खाली रेघ मारली. पुस्तिका कोणी वाचली? खोबण कोणी ओळखली? मी अध्यक्षांना पानभर पत्र लिहिले, पोच मागितली. उत्तर आले: ‘काका सॉरी सॉरी! नेक्स्ट मेलमध्ये नक्की!’ पुढच्या मेलमध्ये बटाटेवड्यांची यादी होती.

मी इंजिनियरांकडूनही उल्लेखाची वाट पाहिली. त्यांनी एका ओळीने दुरुस्ती केली असती तर भागले असते. केली नाही. पुढे कळले की ते ई-पत्रे वाचतच नाहीत. त्यावर मी अजूनही पूर्ण विश्वास ठेवलेला नाही.

दसऱ्याच्या त्या शनिवारी यंत्राची पूजा करायची ठरली. आपल्याकडे खंडेनवमीला कारखान्यातल्या यंत्रापासून शिंप्याच्या कात्रीपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागते, मग याला का नको? पत्नीने अंगणातला झेंडू दोन रात्री जुन्या चादरी घालून थंडीपासून वाचवला होता. त्याचा तिने हार केला. चांगला लांब, मध्ये आंब्याऐवजी मेपलची पाने. इंजिनियरांनी काचेला न लावता चौकटीला कुंकू लावले, इतकी काळजी घेतली, आणि मग हार मॉनिटरला घातला. हार लांब होता. त्याचा एक पदर चौकटीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावरून आत, काचेपुढे, वीतभर लोंबत राहिला.

खोली भरली होती. अध्यक्षांनी एका लहान मुलीला पुढे बोलावले. तिने बोट उचलले, आणि बोट पोचण्याआधीच यंत्र टिकटिकू लागले. टिक, टिक, टिक. पुस्तकांची चित्रे आपोआप उघडू-मिटू लागली. बाण वरच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन थरथरत बसला.

“इट्स हॉन्टेड!” एक मुलगा आनंदाने ओरडला.

“काल तर चांगलं चालून राहिलं होतं,” इंजिनियर म्हणाले.

“ड्रायव्हर करप्ट झाला असेल,” अध्यक्षा म्हणाल्या. “अनइन्स्टॉल करून परत टाकू या.”

त्यांनी ड्रायव्हर काढला आणि पुन्हा घातला. करार आला, वाचल्याविना मान्य झाला. फुल्या आल्या. पहिली फुली, वरची डावी, इंजिनियरांनी हात लावण्याआधीच आपोआप मान्य होऊन नाहीशी झाली.

त्या क्षणी मला कळले. पुस्तिकेचे शेवटचे पान, हमीपत्राच्या खाली: या पडद्याच्या चौकटीतून डोळ्यांना न दिसणारे प्रकाशकिरण आडवे-उभे जातात, बोटाने ते अडले की स्पर्श झाला असे यंत्र धरते, म्हणून चौकटीच्या आत कोणतीही वस्तू, दोरासुद्धा, लोंबत ठेवू नये. त्या खोलीत हे पान वाचलेला एकच इसम होता. यादीत ज्याचा उल्लेख मी पुढे ढकलला तो इसम मीच.

मी उठून सांगणार होतो. खुर्चीचे हात धरलेही होते. तेवढ्यात ती परिचारिका माझ्या टेबलाशी आली आणि हात पुढे केला. मी पुस्तक दिले. तिच्यामागे एक जोडपे उभे होते. “काका, ते काही चालत नाहीये. तुम्हीच सांगा ना, आईसाठी काय नेऊ? ती परवाच आलीये.” मी सांगितले. त्यांच्यामागे आणखी दोघे. मुले कंटाळून आयांना ओढू लागली आणि आया माझ्याकडे येऊ लागल्या. रांग लागली. मंडळाच्या इतिहासात ग्रंथालयापुढे रांग लागल्याची ही पहिली वेळ, आणि ती माझ्यापुढे लागली होती. मी कार्डे काढत होतो, शेरे वाचत होतो, लोक हसत होते, ‘वा काका’ म्हणत होते. आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला तो माणूस, ज्याला सर्व काही हसत जमते, रुमालाने मान पुसत तिसऱ्यांदा ड्रायव्हर घालत होता. मला बरे वाटले. हे वाक्य मी पुनःपुन्हा तपासले आहे आणि त्यात बदल करता येत नाही.

सव्वा तास मी गप्प राहिलो. त्या सव्वा तासात इंजिनियरांनी एकदा माझ्याकडे पाहून विचारले, “वकीलसाहेब, पुस्तकात काही लिहिलं आहे का हो याचं?” मी म्हणालो, “पाहावे लागेल.” पुस्तिका माझ्या खणात होती. मी पाहिली नाही.

मग पत्नी उठली. ती यंत्राजवळ गेली आणि म्हणाली, “पूजा झाली आहे, हार काढते. उगाच कोमेजतोय.” तिने हार उचलला. टिकटिक थांबली.

“आँ!” इंजिनियर म्हणाले. ते पुन्हा गुडघ्यांवर बसले, पुन्हा फुल्या दाबल्या, ‘वरची डावी’ स्वतःच म्हणत, आणि बाण शहाण्यासारखा चालू लागला. टाळ्या झाल्या. “काकांनी जमवलं!” अध्यक्षांनी फोटो काढले. माझी रांग पाहता पाहता तिकडे सरकली. शेवटी टेबलापुढे एक वृद्ध बाई उरल्या होत्या. त्याही, पलीकडे काय चालले आहे, असे मलाच विचारत होत्या.

परतताना इंजिनियरांनीच सोडले. पत्नी मागे हार मांडीवर घेऊन बसली होती. मोठ्या चौकात दिवा लाल होता. ते समोर बघत म्हणाले, “वकीलसाहेब, शेवटचं पान तुम्ही वाचलं होतं ना?”

“कोणते पान?”

“नाही, असंच म्हटलं.”

दिवा हिरवा झाला. घरी आल्यावर, चपला काढता काढता, पत्नी म्हणाली, “तुम्ही पूर्ण वेळ हाराकडे बघत होतात. पुस्तक देताना माणसाकडे बघता तुम्ही, आज बघत नव्हतात. म्हणून मी उठले.”

मी म्हणालो, “मग तेव्हाच का सांगितले नाहीस?”

“कोणाला? त्यांना, की तुम्हाला?”

त्या आठवड्यात मी ड्रायव्हरच्या कंपनीला चार पानांचे पत्र लिहिले. अत्यावश्यक सूचना हमीपत्राखाली दडवणे हा ग्राहकाचा विश्वासघात कसा ठरतो, हे मुद्देसूद मांडले. ज्या देशात पूजा करतात त्या देशातल्या ग्राहकांचाही विचार व्हावा अशी पुस्ती जोडली. उत्तरात त्यांनी नवी पुस्तिका पाठवली. सूचना तिथेच होती, त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरांत.

मी वाट पाहत होतो ती सर्वसाधारण सभेची. माझी खात्री होती की इंजिनियर उभे राहतील आणि सर्वांसमक्ष म्हणतील: या माणसाला माहीत होते आणि हा गप्प बसला. मी बचावाची तयारी केली होती. कर्तव्यच्युती कोणती, नुकसान कोणते, कारणसंबंध कोणता, सगळे कागदावर होते. मला तो आरोप हवा होता. आरोप करणारा माणूस निदान समोरच्याला बरोबरीचा मानतो.

इंजिनियर उभे राहिले. म्हणाले, “माझा एक प्रस्ताव आहे जी. यंत्र पुस्तक कुठं आहे ते सांगते, कोणाले कोणतं द्यायचं ते नाही सांगत. ते आपले वकीलसाहेब सांगतात. तर त्यांना कायमचे ग्रंथपाल म्हणून नेमावं, आणि ते म्हणतील तोवर खुर्ची त्यांचीच.” अध्यक्षांनी अनुमोदन दिले. सगळे हात वर झाले. पत्नीचाही. टाळ्या माझ्यासाठी वाजल्या, आणि मी उठून दोन शब्द बोललो असे इतिवृत्तात नमूद आहे. काय बोललो ते मला आठवत नाही.

वाचकांनी या ठरावाचा परिणाम नीट समजून घ्यावा. जो वहिवाटीने बसला आहे त्याला कोणी दान म्हणून तीच जागा दिली आणि त्याने ती घेतली, तर पूर्वी आपला हक्क नव्हता हे त्याने कबूल केले असे होते. मी ती घेतली. तीन वर्षे जी खुर्ची माझी होती ती त्या संध्याकाळी हात वर झाल्याबरोबर त्यांनी दिलेली झाली. मी सामना मागितला होता. त्यांनी भेट दिली. आणि माझ्याविरुद्धचा एकमेव पुरावा ज्याच्या हाती होता त्यानेच ती दिली, म्हणून मला ती नाकारताही आली नाही.

यासंबंधी मी त्यांना नऊ पत्रे लिहिली आहेत. शेवटचे यंदाच्या, म्हणजे २००८ च्या, उन्हाळ्यात. एकाचेही लेखी उत्तर नाही. शनिवारी ते हॉर्न वाजवतात, मी पुढे बसतो, आणि पत्राचा विषय काढला की म्हणतात, “अहो, बसून राहा ना जी आरामात.” पत्नी मागून हसते. मी बसून राहतो. पुस्तके देतो. लोक येतात, हे खरे आहे, पूर्वीपेक्षा जास्त येतात. मुले पडद्यावर चित्र शोधून माझ्याकडे धावत येतात आणि ‘इज धिस अ सॅड वन?’ म्हणून विचारतात, आणि मी उत्तर देतो. यातला एकही आनंद मला निर्वेधपणे घेता येत नाही, कारण तो कोणत्या खात्यावर मिळतो आहे हे मला सांगण्यात आलेले नाही.

माझा कबुलीजबाब वर पूर्ण दिला आहे. मला माहीत होते. मी सव्वा तास गप्प बसलो. विचारले असता टाळाटाळ केली. कारण मत्सर. आता प्रतिपक्षाची पाळी आहे. माझी जाहीर मागणी अशी की, मंडळाच्या येत्या सर्वसाधारण सभेत नागपूरच्या इंजिनियरांनी उभे राहून, सर्व सभासदांसमक्ष आणि इतिवृत्तात नोंद होईल अशा स्पष्ट शब्दांत पुढील प्रश्नाचे उत्तर द्यावे: ती खुर्ची मला देताना तुम्ही माझी योग्यता पाहिलीत, की माझी कीव केलीत? मोटारीत दिलेले उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही.